वणीच्या कोळशाचं बिल

"माझं गाव वणी" असं म्हटलं की पुण्यात दहातले नऊ जण विचारतात, "अरे वा, सप्तशृंगीची का?" नाही हो, ती नाशिकची. आमची वणी यवतमाळ जिल्ह्यातली. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो, त्याच्या अलीकडची. इंग्रजांच्या काळात हा अख्खा जिल्हाच 'वून' म्हणजे वणीच्या नावाने ओळखला जायचा, १९०५ मध्ये त्याचं यवतमाळ झालं. लोकनायक बापूजी अण्यांचा जन्म वणीचा, १८८० सालचा. बाकी ओळख म्हणाल तर कापूस, मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि कोळसा.

आज लिहायचंय ते या कोळशाबद्दल. कारण हवामान बदल, ग्लासगो, बाकू, पर्यावरण परिषदा वगैरेंवर आपण चहा पिता पिता भरपूर बोलतो. अमेरिकेने काय करावं, चीनने काय करावं, युरोप कसा ढोंगी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या चर्चेत जो कोळसा असतो तो कुठल्यातरी गावाच्या खालून येतो, आणि ते गाव चर्चेत कधीच नसतं. मी त्या गावाचा असल्यामुळे मला हे जरा जास्त टोचतं, एवढंच.

आधी थोडं भूगर्भशास्त्र, कारण ही गोष्ट इतकी भारी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वणी, उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा, राजूर... या सगळ्या भागाखाली जो कोळसा आहे त्याला 'गोंडवाना कोळसा' म्हणतात. गोंडवाना म्हणजे गोंडांचा प्रदेश, आपल्याच चंद्रपूर-देवगडच्या गोंड राजांचा. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या हेन्री मेडलिकॉट या अधिकाऱ्याने १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या या खडकांना गोंडवाना हे नाव दिलं. ऑटोकार फाइस्टमँटल याने १८७६ मध्ये ते छापून आणलं. पुढे व्हिएन्नाच्या एडुआर्ड स्यूसने तेच उचललं आणि दक्षिण गोलार्धातल्या एका प्राचीन महाखंडाला 'गोंडवाना-लँड' म्हटलं. म्हणजे आज ऑस्ट्रेलियातला, ब्राझीलमधला, दक्षिण आफ्रिकेतला कुठलाही शाळकरी पोरगा भूगोलाच्या पुस्तकात जो शब्द वाचतो तो आपल्या गोंडांचा. आपल्याकडे मात्र गोंडवाना म्हटलं की लोकांना एक्सप्रेस गाडी आठवते :-)

हा कोळसा ज्या झाडांपासून झाला त्यातलं मुख्य झाड म्हणजे ग्लोसोप्टेरिस. ग्रीकमध्ये ग्लोसा म्हणजे जीभ. पान जिभेच्या आकाराचं म्हणून हे नाव. साधारण सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी थंड, दलदलीच्या प्रदेशात याची जंगलं होती. नागपूरला स्टीफन हिस्लॉप म्हणून एक स्कॉटिश मिशनरी होता (हो, हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं). धर्मप्रचारातून वेळ मिळेल तसा तो दगड फोडत फिरायचा. १८५० च्या दशकात त्याने नागपूर-कामठीच्या वालुकाश्मातून या पानांचे जीवाश्म गोळा केले होते.

आता गंमत बघा. कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. अमुंडसेन महिनाभर आधीच जाऊन आला होता. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे सोबती उपासमारीने आणि थंडीने मेले. पण मरेपर्यंत त्यांनी घसरगाडीवरचे जवळपास सोळा किलो दगड टाकून दिले नाहीत. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला प्रेतांबरोबर ते दगड मिळाले, आणि त्यात निघाली ग्लोसोप्टेरिसची पानं. कामठीतलं पान अंटार्क्टिकात! आणि त्याच जानेवारीत, स्कॉट ध्रुवावर पोचायच्या अकरा दिवस आधी, फ्रँकफुर्टमध्ये आल्फ्रेड वेगेनर नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने 'खंड सरकतात' असं पहिल्यांदा जाहीर भाषणात सांगितलं होतं. लोकांनी त्याची टर उडवली. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात मेला, आणि त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. तोवर या जिभेच्या आकाराच्या पानाने भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका या सगळ्यांच्या बाजूने साक्ष देऊन ठेवलेली होती.

तर असा हा आमचा कोळसा. याचा एक दुर्गुण आहे. त्यात राख फार. जंगलाचा पाचोळा साचताना त्यात नद्यांनी आणलेली माती मिसळली. त्यामुळे आपला कोळसा जाळला की साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राख म्हणून उरतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. आपण सॉफ्टवेअरवाले. आपला धंदा म्हणे स्वच्छ. धूर नाही, चिमणी नाही, सगळं 'क्लाउड'मध्ये. हिशोब करून बघू. लॅपटॉप, वरचा मोठा मॉनिटर आणि राऊटर मिळून शंभर वॅट धरा. नऊ तासांचे झाले ०.९ युनिट. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण ०.७ किलो कोळसा लागतो. म्हणजे रोज सहाशे ग्रॅमच्या वर कोळसा, आणि त्यातली दोनशे ग्रॅम राख. नुसती टेबलावरची. रात्री दीड टनाचा एसी आठ तास चालवलात तर दहा युनिटच्या आसपास, म्हणजे सात किलो. एक पाटी कोळसा आणि वाटीभर नव्हे, पातेलंभर राख. रोज.

मला मान्य आहे की सगळी वीज कोळशाची नसते. कोयना आहे, पवनचक्क्या आहेत, सोलर झपाट्याने वाढतंय. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, तुमच्या प्लगमधला इलेक्ट्रॉन कुठल्या गावचा हे कुणी सांगू शकत नाही. पण देशाच्या विजेतला जवळपास सत्तर टक्के हिस्सा अजूनही कोळशाचाच आहे. २०२४-२५ या वर्षात भारताने पहिल्यांदाच शंभर कोटी टनांच्या वर कोळसा काढला. कोळसा संपत आलाय असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वणी-घुग्गुस रस्त्यावर ट्रकच्या मागे स्कूटर चालवून बघावी.

आणि आमच्या भागातली वीज कुठे जाते हे तर नकाशावर रेघ मारून दाखवता येतं. नदीपलीकडे चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र, क्षमता २९२० मेगावॅट. तिथून पडघ्यापर्यंत, म्हणजे कल्याण-भिवंडीच्या शेजारी, मुंबईच्या दारात, ७५२ किलोमीटरची उच्चदाब डीसी लाईन आहे. ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट, १९९९ पासून. डीसी का? तर इतक्या लांब अंतरावर एसीपेक्षा गळती कमी. इंजिनियरिंग म्हणून झकास काम. पण जरा दुसऱ्या बाजूने बघा. विजेचा जो भाग उपयोगाचा आहे तो तारेतून साडेसातशे किलोमीटर जातो. राख, धूळ, खड्डे आणि ट्रक जिथल्या तिथे राहतात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाप्रमाणे क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं आलं होतं.

इथे कुणीतरी म्हणणार, "अरे पण त्या खाणींनीच तुमची वणी मोठी केली ना?" केली की. खोटं कशाला बोलू? आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात वेकोलिचा पगार येत होता. बाकीच्यांची दुकानं त्या पगारावर चालत होती. दहा तारखेला बाजारात गर्दी बघून कळायचं की पगार झाला. आमच्या नात्यातल्या एका काकांची बारा एकर काळी कसदार जमीन खाणीत गेली, मुलांना नोकऱ्या लागल्या, पक्कं घर झालं. ते म्हणतात, "कापसानं मले काय देल्लं बाप्पा? कर्ज देल्लं. कोयशानं पोराईले नोकरी देल्ली." यावर पुण्यातून उपदेश करायची माझी हिंमत नाही.

पण त्याच काकांच्या नातवाला तशी नोकरी लागणार नाही, हे काकांनाही माहीत आहे. सन २००० च्या सुमारास कोल इंडियात पाच लाखांच्या वर माणसं होती. आता सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत, आणि उत्पादन मात्र दुपटीहून जास्त झालंय. भूमिगत खाणीत माणसं लागायची, उघड्या खाणीत मशीन लागतं. म्हणजे कोळसा बंद व्हायच्या कितीतरी आधी कोळशाची नोकरी बंद होते. उरतं ते कंत्राटी ड्रायव्हर आणि सिक्युरिटीचं काम. जमीन तर गेलेलीच.

आता जागतिक बातम्यांकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शेवटच्या दिवशी भारत आणि चीनने मसुद्यातला एक शब्द बदलायला लावला. कोळसा 'संपवणे'च्या ऐवजी 'कमी करत जाणे'. पाश्चात्य वर्तमानपत्रांनी भारताला खलनायक ठरवलं. मला भारताची बाजू पटली होती आणि अजूनही पटते. आपलं दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकनाचं चौदा टनांच्या आसपास. दीडशे वर्षं तुम्ही जाळलात, श्रीमंत झालात, आता आम्हाला म्हणता थांबा? थांबतो, पण खर्च कोण देणार? २००९ मध्ये कोपनहेगनला वर्षाला शंभर अब्ज डॉलर देण्याचं वचन दिलंत, ते २०२० पर्यंत पाळलं नाहीत. २०२४ मध्ये बाकूत तीनशे अब्जांचा आकडा ठरला, तोही २०३५ पर्यंत, आणि भारताने तिथल्या तिथे त्यावर आक्षेप घेतला. बरोबरच केलं.

फक्त हाच युक्तिवाद घरात लावून बघा. ज्यांनी जाळलं, ज्यांची भरभराट झाली, त्यांनी ज्यांच्या पायाखालचं काढलं त्यांच्या पुढच्या सोयीचा खर्च उचलावा. ग्लासगोत हे वाक्य भारत अमेरिकेला म्हणतो. वणी हेच वाक्य मुंबई-पुण्याला म्हणू शकते की नाही? मला वाटतं, शंभर टक्के म्हणू शकते. आणि जो माणूस पहिल्या वाक्याला टाळ्या वाजवतो त्याला दुसरं वाक्य नाकारता येणार नाही.

"रॉयल्टी मिळते की!" मिळते. कोळशावर १४ टक्के रॉयल्टी आहे, ती राज्याच्या तिजोरीत जाते. शिवाय २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणींकडून रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते. कल्पना उत्तम आहे. पैसा जिल्ह्यातच राहतो आणि तो खाणबाधितांसाठीच आहे. पण असा पैसा वर्षाच्या वर्षाला रस्ते, इमारती आणि उद्घाटनांत संपवायचा मोह सगळ्यांनाच होतो. 'कोळशानंतर काय' या नावाचा रकाना त्यात कुणी उघडत नाही.

याहून मजेशीर एक गोष्ट सांगतो. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर 'स्वच्छ ऊर्जा उपकर' बसवला. टनाला ५० रुपये. वाढत वाढत २०१६ मध्ये तो ४०० रुपये झाला. परत आपला हिशोब. टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. युनिटला ०.७ किलो. म्हणजे कोळशाच्या प्रत्येक युनिटमागे २८ पैसे. विजेच्या किमतीतून हे तुम्ही-आम्हीच भरत होतो! नाव स्वच्छ ऊर्जेचं होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हाच पैसा राज्यांना जीएसटीची नुकसानभरपाई देण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे कोळशावरचा कर आहेच, पण कोळशाच्या गावाशी त्याचं नातं कागदावरही उरलेलं नाही. 'शहरी ग्राहकाला परवडणार नाही' असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा हे २८ पैसे आठवावेत. परवडत होतं. नुसतं परवडत नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग मी म्हणतो, युनिटमागे दोनच पैसे कोळशाच्या तालुक्यांच्या नावाने का काढू नयेत? नुसती ती चंद्रपूर-पडघे लाईन घ्या. वर्षभर निम्म्या भाराने चालली तरी तिच्यातून साडेसहाशे कोटी युनिट जातात. दोन पैशाने तेरा कोटी रुपये झाले. एका लाईनचे, एका वर्षाचे. महिना तीनशे युनिट वापरणाऱ्या घराला खर्च सहा रुपये. ऑफिसखालच्या टपरीवरचा कटिंगही येत नाही त्यात.

त्या पैशाने काय करायचं? इथे दोन परदेशी उदाहरणं उपयोगी आहेत. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडला आणि पाठोपाठ खाणी धडाधड बंद केल्या. देशाने कोळसा सोडला, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचं कोळशाचं वीजकेंद्रही बंद झालं, पण ती खाणगावं चाळीस वर्षांनंतरही सावरलेली नाहीत. जर्मनीच्या रूर खोऱ्यात उतरण १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. साठ वर्षं! मधल्या काळात बोखुमला विद्यापीठ काढलं, माणसं दुसऱ्या कामाला लावली, एसेनची त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये बंद झाली तिचं संग्रहालय केलं, २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. तरी तिथेही बेकारी राहिलीच, स्वर्ग काही अवतरला नाही. पण जो फरक आहे तो पैशाइतकाच वेळेचा आहे. रूरने खाणी चालू असताना तयारी सुरू केली.

आणि इतक्या लांब जायलाही नको. नदीपलीकडे वरोरा आहे. तिथे १८७० च्या दशकात सरकारी कोळसा खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. इंग्रज दुसरीकडे खणायला गेले. आज वरोरा म्हटलं की लोकांना बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं, ती खाण कुणाला आठवत नाही. खाण गेल्यावर तिथल्या मजुरांचं काय झालं याची तर चर्चाही नाही.

आपल्याकडे २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळं एस्क्रो खातं ठेवावं लागतं. त्यात खड्डा भरणं, ढिगाऱ्यावर झाडं लावणं, पाण्याचा निचरा हे सगळं असतं. मला हे आवडतं. प्रत्येक सॉफ्टवेअर प्रोजेक्टलाही असा आराखडा असायला हवा, असं माझं मत आहे. पण हा आराखडा खड्ड्याचा आहे, गावाचा नाही. खाणीभोवतीच्या गॅरेजवाल्याचा, खानावळवालीचा, ट्रकवाल्याचा, शिकवणीवाल्या मास्तरांचा त्यात उल्लेख कशाला असेल?

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. खनिज प्रतिष्ठानचा आणि हा दोन पैशांचा हिशोब गावनिहाय लोकांसमोर असावा. त्यातला ठरावीक हिस्सा फक्त 'कोळशानंतर' साठी राखून ठेवावा, त्याला वर्षाच्या खर्चासाठी हात लावायचा नाही. खाणीच्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्या फिटर-इलेक्ट्रिशियनला सोलर आणि बॅटरीचं काम शिकवावं. ढिगाऱ्यांवर, जिथे माती बसलीय तिथे, सोलर पॅनल लावावीत. पडघ्याला जाणारी लाईन तशीही तयार आहे. आणि एक ग्लोसोप्टेरिसचं संग्रहालय वणीत हवंच. सावनेरला वेकोलिने खाण-पर्यटन सुरू केलंय, मग वणीत का नाही? निदान आमच्या पोरांना कळू दे की ते स्कॉटच्या घसरगाडीवर राहतात.

१९३० मध्ये बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला होता. गवताची किंमत काय होती? काहीच नाही. प्रश्न होता तो, जंगलाशेजारी राहणाऱ्याचा जंगलावर काही हक्क आहे की नाही. तोच प्रश्न आता जमिनीखालच्या गोष्टीचा आहे, आणि या वेळी समोर इंग्रज नाही, आपणच आहोत.

पुढच्या वेळी वीजबिल आलं की फक्त एकूण रक्कम बघून पे करू नका. एकदा रकाने वाचा. स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वीज वाहून आणल्याचा वहन आकार आहे, इंधन महागलं तर इंधन समायोजन आकार आहे, सरकारचं वीज शुल्क आहे. ज्या गावाखालून ते इंधन आलं त्याचा रकाना सापडला तर मला जरूर कळवा.